तेराव्या मजल्याची सवलत घ्यावी का?

ठाण्याहून एका ताईंनी लिहिलं आहे: "घोडबंदर रोडला एकाच टॉवरमध्ये दोन टू-बीएचके पसंत पडले आहेत. दोन्हींचा कार्पेट ६५० चौरस फूट, दिशा तीच, ओसी (राहायला जाण्याचा दाखला) आलेली. १३०२ चे १ कोटी १८ लाख, १५०२ चे १ कोटी २५ लाख. सासूबाई आमच्याकडेच असतात. त्या म्हणतात, तेरावा मजला नको. बिल्डर म्हणतो, हवं तर दारावर '१२-ए' लावून देतो. सात लाख जास्त घालावेत का? हाताशी ४२ लाख आहेत, बाकी कर्ज."

ताई, आधी या सात लाखांत काय काय आहे ते बघू. तुम्ही पाठवलेल्या कॉस्ट शीटवर फ्लोअर राइज, म्हणजे वरच्या मजल्यासाठीची जादा आकारणी, चौरस फुटाला ६० रुपये आहे. म्हणजे मजल्यामागे ३९ हजार, दोन मजल्यांचे ७८ हजार. उरलेले ६ लाख २२ हजार निव्वळ आकड्याचे आहेत. घर तेच, हवा तीच, लिफ्ट तीच.

आता हाताशी असलेल्या ४२ लाखांकडे या. ७५ लाखांवरच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देते, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क धरत नाही. १३०२ घेतलात तर स्वतःचे साडेएकोणतीस लाख, ७ टक्क्यांनी मुद्रांक शुल्क ८ लाख २६ हजार आणि नोंदणीचे ३० हजार. हाती उरतात जवळपास ३ लाख ९४ हजार. १५०२ घेतलात तर याच हिशेबाने १ लाख ७० हजार उरतात. साडेआठ टक्के आणि वीस वर्षं धरली तर पहिल्या घराचा हप्ता साधारण ७६,८०० आणि दुसऱ्याचा ८१,३५०. दोघांपैकी एकाची नोकरी गेली तर १३०२ मध्ये तुमच्याकडे पाच हप्त्यांची सोय असेल, १५०२ मध्ये दोन. यात सोसायटीची अनामत, सामान हलवणं, पडदे काहीच धरलेलं नाही. मला खरी काळजी वाटते ती इथे.

पण आकड्याची भीती खोटी म्हणून ती बाजूला सारा, असं मी सांगणार नाही. भीतीलाही बाजारभाव असतो. कॅनडात व्हँकुव्हरच्या घरविक्रीचा अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला होता. चिनी वस्ती जास्त असलेल्या भागांत घर क्रमांकाच्या शेवटी ४ असेल तर घर सुमारे २.२ टक्के स्वस्त जायचं आणि ८ असेल तर २.५ टक्के महाग, कारण चिनी भाषेत 'चार' आणि 'मृत्यू' यांचे उच्चार जवळजवळ सारखे आहेत, आणि आठ शुभ मानतात. वनप्लस या चिनी कंपनीनं ३टी नंतर थेट ५ नंबरचा फोन आणला. मायक्रोसॉफ्ट ऑफिसची अंतर्गत आवृत्ती १२ वरून १४ वर गेली. उलट २०२१ मध्ये ॲपलनं आयफोन १३ याच नावानं विकला. तुम्हाला मिळणारी सूट ५ टक्क्यांच्या घरात आहे, म्हणजे व्हँकुव्हरच्या चारपेक्षा दुपटीहून जास्त. उद्या विकताना तुम्हालाही तेवढीच टक्केवारी सोडावी लागली, तरी आज तुम्ही ती घेतलेली आहे, आणि मधल्या काळात वाचलेलं व्याज तुमचंच राहील. तोटा फक्त एका बाबतीत होऊ शकतो: गिऱ्हाईक मिळायला वेळ लागेल. चार-पाच वर्षांत घर विकून गावी जायचा किंवा परदेशी जायचा बेत असेल तर तेरावा घेऊ नका. पंधरा-वीस वर्षं राहायचं असेल तर बिनधास्त घ्या.

आणि ते '१२-ए' मुळीच नको. करारनामा, इंडेक्स-टू (नोंदणीचा उतारा), सोसायटीचं भागपत्र, वीजबिल, बँकेचं मूल्यांकन या सगळ्यांवर मंजूर नकाशातलाच मजला आणि नंबर हवा. दारावर एक आणि कागदावर दुसरा असेल तर पुढे कर्ज बदलताना किंवा विकताना खुलासे करत बसावं लागतं. शिवाय अग्निशमनवाले बाहेरून मजले मोजतात. आकडे गाळण्याची ही पद्धत व्हँकुव्हरच्या पालिकेनं २०१५ मध्ये याच कारणासाठी बंद केली. आणखी एक. बारानंतर थेट चौदा लिहिणाऱ्या इमारतीत फ्लोअर राइज पाटीवरच्या आकड्यानं लावला आहे की खऱ्या मजल्यानं, हे विचारायलाच हवं. तुमच्या घरापुरता हा फरक मजल्यामागे ३९ हजारांचा.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांच्या मनात 'तेरावा' म्हणजे माणूस गेल्यानंतरचा दिवस आहे, हे उघड आहे, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. माझी आजी गेली तेव्हाचा तेरावा मला आठवतो. निधनशांत झाली, आईनं बारा दिवसांनी पहिल्यांदा गोडाचा स्वयंपाक केला, शेजारच्या काकू हळदीकुंकू लावून गेल्या. सुतक संपून घर पुन्हा नेहमीसारखं झालं ते त्या दिवशी. आपण सोनं घेतो ती धनत्रयोदशीही तेरावीच तिथी, आणि प्रदोषही त्रयोदशीचाच. हे त्यांच्याशी बोला, पण वाद घालायला म्हणून नको. एकदा सकाळी त्यांना त्या घरात घेऊन जा, गॅलरीत खुर्ची टाकून बसू द्या.

तरीही त्यांचं मन घेत नसेल तर १३०२ चा हट्ट सोडा. रोज त्या घरात बसणार आहेत त्या, तुम्ही दोघं दिवसभर ऑफिसात. मात्र मग १५०२ वर उडी मारू नका. त्याच लाइनमधला नववा, दहावा, अकरावा मजला मोकळा आहे का विचारा. ११०२ फ्लोअर राइजच्याच हिशेबानं १५०२ पेक्षा १ लाख ५६ हजारांनी स्वस्त असायला हवा. तो नसेल तर शेजारचा टॉवर बघा. पाच हप्त्यांची गंगाजळी दोन हप्त्यांवर आणायला मी तयार नाही.

सासूबाई राजी झाल्या तर टोकन देण्याआधी बिल्डरकडून किंमत लेखी घ्या. सूट करारातल्या रकमेतच हवी, मॉड्युलर किचन किंवा पार्किंगच्या रूपात नको. नाहीतर मुद्रांक शुल्क आणि कर्ज दोन्ही चढ्या रकमेवर बसतील. आणि तेरावा मजला आणखी दोन लाख खाली येतो का, हे एकदा विचारून बघा. आले तर ते दोन लाख फर्निचरमध्ये घालू नका, मुदत ठेवीत ठेवा.