उबुंटूवर बॅटरी निम्म्यावर आली असेल तर आधी वॅट बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप, विंडोजवर बॅटरी साडेचार-पाच तास जायची, उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकल्यापासून दोन-सव्वादोन तासांत संपते. बॅटरी वाचवणारी टूल्स म्हणून टीएलपी टाकलं, ऑटो-सीपीयूफ्रीक टाकलं, फरक नाही. परत विंडोजवर जावं का?

निदान बॅटरीसाठी तरी जाऊ नका. पण टूलवर टूल टाकणं आधी थांबवा. टीएलपी आणि ऑटो-सीपीयूफ्रीक दोघंही प्रोसेसरच्या त्याच सेटिंग्जना हात घालतात, आणि उबुंटूमध्ये २२.०४ पासून पॉवर-प्रोफाइल्स-डेमन हे मागे गुपचूप चालणारं तिसरं टूल त्याच कामाला आधीच बसलेलं असतं. सेटिंग्जमध्ये 'पॉवर सेव्हर', 'बॅलन्स्ड' असे पर्याय दिसतात ते त्याचेच. तिघं एकत्र चालले की कोणी काय बदललं ते कळत नाही. तुम्ही टाकलेली दोन्ही टूल्स काढा, डेमन चालू आहे ना ते बघा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा.

मग मोजायला घ्या. 'पॉवर स्टॅटिस्टिक्स' नावाचं छोटं अ‍ॅप आहे, नसेल तर सॉफ्टवेअर सेंटरमधून मिळेल. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आज पूर्ण चार्ज केल्यावर भरणारी क्षमता शेजारी शेजारी दिसते. मूळ ४८ वॅट-अवर (बॅटरीत मावणाऱ्या विजेचं माप) आणि आजची ३० असेल, तर सेल थकलेत. त्याला कुठलीही ऑपरेटिंग सिस्टम काही करू शकत नाही, बॅटरीच बदलावी लागेल.

क्षमता ठीक असेल तर पॉवरटॉप टाका. इंटेलने २००७ मध्ये काढलेलं हे टूल आजही या कामाला सगळ्यात उपयोगी आहे. चार्जर काढा, ब्राउझर बंद करा, ब्राइटनेस निम्म्यावर आणा, टर्मिनलमधून ते सुडोने (म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) चालवा आणि काही मिनिटं लॅपटॉपला हात लावू नका. बॅटरीतून किती वॅट जातायत तो आकडा पडद्यावर येतो. कागदावर लिहून ठेवा, पुढचा प्रत्येक बदल याच आकड्यावर तपासायचा आहे. ४८ वॅट-अवरची बॅटरी दोन-सव्वादोन तासांत संपते म्हणजे सरासरी बावीस वॅट जातायत. पाच तास हवे असतील तर सरासरी दहाच्या खाली आणावी लागेल. प्रोसेसरची सेटिंग्ज कितीही खालीवर केली तरी रिकाम्या बसलेल्या लॅपटॉपवर एवढा फरक पडत नाही. एवढी वीज खाणारं दुसरंच काहीतरी जागं असतं.

तुमच्या लॅपटॉपमध्ये माझा पहिला संशय एन्विडियाच्या कार्डावर. हे कार्ड काही काम न करता नुसतं जागं राहिलं तरी पाच ते दहा वॅट सहज खातं. 'एन्विडिया एक्स सर्व्हर सेटिंग्ज' उघडा, 'प्राइम प्रोफाइल्स'मध्ये जा. 'परफॉर्मन्स' निवडलेलं असेल तर चोर तिथेच सापडला. 'ऑन-डिमांड' (गरज लागेल तेव्हाच कार्ड वापरणारा मोड) असेल तर कार्ड कोणत्या पिढीचं आहे ते महत्त्वाचं. काम नसताना स्वतःला पूर्ण बंद करण्याची सोय ट्युरिंग पिढीपासून, म्हणजे जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० या मालिकांपासून आली. जीटीएक्स १०५० सारखं जुनं कार्ड ऑन-डिमांडमध्येही जागंच राहतं, तिथे सरळ 'इंटेल' (फक्त प्रोसेसरमधली ग्राफिक्स चिप) निवडून रीस्टार्ट करा. मात्र बऱ्याच लॅपटॉपांत एचडीएमआय पोर्ट एन्विडियाच्या कार्डालाच जोडलेला असतो. तसं असेल तर या मोडमध्ये बाहेरचा मॉनिटर किंवा प्रोजेक्टर चालणार नाही. कॉलेजात प्रेझेंटेशन असेल त्या दिवशी आधीच मोड बदलून ठेवा.

नवीन कार्डातही एक गंमत आहे. माझ्या भाच्याच्या लॅपटॉपवर ऑन-डिमांड होतं, कार्ड नवीन होतं, तरी आकडा एकोणीस वॅटच्या खाली येईना. वरच्या पट्टीत तापमान दाखवणारं एक एक्स्टेंशन त्याने लावलं होतं. ते दर काही सेकंदांनी एन्विडिया-एसएमआय या कार्डाची माहिती देणाऱ्या कमांडला तापमान विचारायचं, आणि उत्तर द्यायला कार्ड दर वेळी जागं व्हायचं. एक्स्टेंशन काढलं आणि आकडा नऊवर आला. म्हणून कार्ड झोपलंय का हे एन्विडिया-एसएमआय चालवून बघू नका, बघितल्यानेच ते उठतं.

दुसरा संशय व्हिडिओवर. ब्राउझर बंद असताना आकडा चांगला आणि यूट्यूब लावल्याबरोबर दुप्पट, असं होत असेल तर व्हिडिओ उलगडायचं काम ग्राफिक्स चिपऐवजी प्रोसेसर करतोय. फायरफॉक्सच्या 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' पानावर मीडियाच्या भागात एक तक्ता असतो. कोणता कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) हार्डवेअरवर चालतो ते त्यात दिसतं. यूट्यूब हल्ली बरेच व्हिडिओ एव्ही१ या कोडेकमध्ये पाठवतं, आणि इंटेलमध्ये त्याची हार्डवेअर सोय अकराव्या पिढीपासून आहे. प्रोसेसर त्याआधीचा असेल तर 'एनहान्स्ड एच२६४आयफाय' हे एक्स्टेंशन टाकून एव्ही१ बंद करा. दिवसभर लेक्चर्स बघणाऱ्याला याचा फायदा लगेच जाणवतो.

बाकी किरकोळ. पडदा १४४ हर्ट्झचा असेल तर बॅटरीवर असताना ६० वर आणा, कीबोर्डचा दिवा बंद ठेवा. पॉवरटॉपच्या ऑटो-ट्यूनचा, म्हणजे वीज वाचवणारी सगळी सेटिंग्ज एकदम चालू करण्याचा, सल्ला सगळीकडे दिला जातो, मला तो सरसकट पटत नाही. रीबूट केलं की सगळं पुसलं जातं, आणि यूएसबी माउस दर थोड्या वेळाने झोपी जातो तो त्रास वेगळाच.

झाकण बंद करून बॅगेत ठेवलेला लॅपटॉप गरम होत असेल आणि सकाळी बॅटरी उतरलेली असेल, तर ते प्रकरण निराळं. बऱ्याच नव्या लॅपटॉपांत झोपेचा एस२आयडल हा हलका प्रकार चालू असतो. तुमच्या बायॉसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणारी मूळ सेटिंग्ज) स्लीपसाठी 'लिनक्स' किंवा 'एस३' (गाढ झोप) असा पर्याय असेल तर तो निवडून बघा.

एवढं झाल्यावर टीएलपी हवंच असेल तर जरूर टाका, पण मग पॉवर-प्रोफाइल्स-डेमन काढून. नव्या लॅपटॉपवर डेमन पुरेसा असतो असं माझं मत आहे. जुन्या थिंकपॅडवर मात्र मी टीएलपीच टाकेन, मुख्यतः चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवता येते म्हणून. सतत चार्जरला लावलेली, शंभर टक्के भरलेली, वर गरम होणारी लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. तुमच्याकडे लाईट जायचा वार ठरलेला असेल तर आदल्या रात्री 'टीएलपी फुलचार्ज' ही कमांड द्या, तेवढ्यापुरती मर्यादा उठते.

पॉवरटॉपचा आकडा, लॅपटॉपचं मॉडेल आणि कार्डाचं नाव खाली कमेंटमध्ये लिहा. कार्ड झोपूनही आकडा बाराच्या वर राहिला, तर पॉवरटॉपच्या पहिल्या टॅबमधल्या वरच्या पाच ओळीही टाका, त्यावरून पुढचं सांगता येईल.