सतरा घोडे गेले कुठे?

प्रश्न : माझी 2019 ची स्विफ्ट, पेट्रोल, मॅन्युअल. कागदावर 83 पीएस, म्हणजे 83 घोड्यांची ताकद. गेल्या रविवारी आमच्या ग्रुपच्या डायनो डेला गाडी डायनोच्या, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या, रोलरवर चढवली. चौथ्या गिअरमध्ये तीन रन : 66.4, 66.1, 66.2 पीएस. सगळ्यांसमोर मान खाली गेली. इंजिन बसलंय का? मित्र म्हणतो, फिल्टर आणि एक्झॉस्ट बदल, दहा घोडे वाढतील. आलेख सोबत पाठवतोय.
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : आधी मान वर करा. इंजिन ठणठणीत आहे.

83 हा आकडा फ्लायव्हीलवरचा, म्हणजे थेट इंजिनातून बाहेर पडणाऱ्या ताकदीचा. डायनो मोजतो चाकांवर. मधे गिअरबॉक्स, डिफरन्शियल, बेअरिंग, रोलरवर दबलेला टायर, प्रत्येक जण आपला वाटा काढून घेतो. तुमच्यासारख्या गाडीत सगळं मिळून साधारण 15 टक्के. शिवाय चिंचवड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. तुमच्यासारखं टर्बो नसलेलं इंजिन दर शंभर मीटरला टक्काभर ताकद गमावतं, आणि तुमच्या आलेखावर ‘अनकरेक्टेड’ छापलंय, म्हणजे ही विरळ हवा हिशेबात धरलेलीच नाही. 83 मधून पाच टक्के काढा, उरलेल्यातून पंधरा. 67 येतात.

मला जास्त आनंद झाला तो तिन्ही आकडे इतके जवळजवळ आल्याचा. मी डायनो चालवायचो तेव्हा प्रत्येक गाडीपुढे उकिडवा बसून टायरच्या खाचांतले खडे स्क्रूड्रायव्हरने काढायचो. रोलरवर चाक शंभरच्या पुढे गेलं की खडा गोळीसारखा सुटतो. मग टायरची हवा तपासायची, मग गाडी जखडणारे पट्टे. पट्ट्याचा रॅचेट दोन दात जास्त आवळला तरी टायर जास्त दबतो आणि आकडा खाली येतो. टर्बोवाल्यांचं आणखी वेगळं : एका पंख्याच्या वाऱ्यात इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारा भाग) तापतो आणि तिसरा रन पहिल्यापेक्षा कमी भरतो. म्हणून शेजारच्या गाडीच्या आकड्याशी आपला आकडा लावू नका.

नुसत्या फिल्टर-एक्झॉस्टने या इंजिनात दहा घोडे वाढलेले मी कधी पाहिले नाहीत. एक-दोन वाढले तर वाढले, आणि तेवढा फरक पट्टा आवळण्यातही पडतो. ते पैसे राहू द्या. स्पार्क प्लग बदलायला झाले असतील तर ते बदला.

तरीही काही बदललंतच, तर त्याच डायनोवर, चौथ्याच गिअरमध्ये पुन्हा मोजा आणि नवी रेषा जुनीवर ठेवून पाहा. 6000 आरपीएमचं टोक नको, 2000 ते 4000 मधला भाग बघा. रोजची गाडी तिथेच चालते. हा कागद जपून ठेवा, आणि त्या दिवशी टायरमध्ये हवा किती होती तेही आठवतंय तोवर पेनाने त्यावर लिहून टाका.