देवनागरी लेटर-स्पेसिंगचा पॅच अडकलाय? रीबेसलाइन करण्याआधी हे वाचा

तुमची पोस्ट वाचली आणि २०१९ सालचा माझा पावसाळा जसाच्या तसा आठवला. तुमचं थोडक्यात असं दिसतंय: वेबपानावर लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधली जादा फट, दिलं की मराठी जोडाक्षरं फुटतात, त्यावर तुम्ही ब्राउझरच्या इंजिनासाठी पॅच (कोडमधली दुरुस्ती) लिहिलात आणि तो सहा आठवडे पडून आहे. एक रिव्ह्यूअर म्हणतो आधी डिझाइन डॉक (काय आणि का करायचं याचं टिपण) द्या, दुसरा विचारतो टेस्ट कुठे आहेत, आणि विंडोजच्या बॉटवर, म्हणजे आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रावर, अकरा टेस्ट लाल झाल्यात. त्यात कुणीतरी सल्ला दिलाय, 'अपेक्षित चित्रं नव्याने काढ, रीबेसलाइन कर, सगळं हिरवं होईल.'

त्या शेवटच्या सल्ल्यासाठीच मी लिहायला बसलोय. रीबेसलाइन म्हणजे टेस्ट ज्या चित्रांशी तुलना करते तीच बदलून टाकणं. ते करू नका. निदान आज तरी अजिबात नको.

बिल्ड कसं करायचं, रिव्ह्यूला कुणाला जोडायचं, हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. आणि आधीच सांगतो, कुठल्याही इंजिनात अंतिम मंजुरी देणाऱ्यांपैकी मी नाही. पुण्यात नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात मजकुराच्या मांडणीचा भाग बघतो. ज्या प्रकल्पात माझं हे झालं त्याचं नाव घेत नाही. तिथली माणसं बदललीत, पद्धतही बदलली असेल. तुमच्या प्रकल्पाचे नियम माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध असतील तर ते नियम पाळा.

माझा विषय फर्स्ट-लेटर होता. मासिकात लेखाचं पहिलं अक्षर तिप्पट मोठं छापतात ना, ते. 'स्त्री' हा शब्द घेतला तर तेव्हा नुसता पाय मोडलेला 'स्' मोठा व्हायचा आणि 'त्री' बाजूला बारीक राहायची. मराठी वाचणाऱ्या कुणालाही ते बघवणार नाही. मी नियम लिहिला: व्यंजन, हलंत, पुन्हा व्यंजन असं जिथवर चाललंय तिथवर सगळं एक अक्षर, आणि मागची मात्राही त्यातच. माझ्या लिनक्सवर झकास दिसलं.

मग तुमच्यासारखंच झालं. मांडणीवाले म्हणाले, टेस्ट येऊ देत, मग डिझाइन बघू. टेस्टची यंत्रणा सांभाळणारे म्हणाले, डिझाइन ठरल्याशिवाय टेस्ट कशाच्या घेणार? दोन महिने मी या दारातून त्या दारात. दोघंही आपापल्या जागी नियमानेच बोलत होते, पण 'चला, तिघं एकदा बोलू' असं कुणी म्हणालं नाही, आणि मलाही ते सुचलं नाही. या गोष्टीचा राग मला अजून येतो. नवीन माणूस अशाच फेऱ्यांमध्ये गळतो, आणि मग भारतीय लिप्यांसाठी माणसं मिळत नाहीत म्हणून तीच मंडळी हळहळतात.

कंटाळून मी शेवटी सोपा रस्ता धरला. सव्वीस पानं लिहिली, इंजिनच्या खासगी फोल्डरात ठेवली आणि एका कमांडने तिन्ही प्लॅटफॉर्मची अपेक्षित चित्रं काढून घेतली. म्हणजे इंजिनने त्या दिवशी जे काही रंगवलं तेच 'बरोबर उत्तर' म्हणून नोंदवलं गेलं. अठ्ठ्याहत्तर चित्रं. त्यातली दहा-बारा उघडून पाहिली, बाकीची तशीच पुढे ढकलली. बॉट हिरवे झाले, पॅच आत गेला, घरी पेढे आणले.

न पाहिलेल्यांपैकी एक चित्र 'र्‍हास' या शब्दाचं होतं. आपला तो आडव्या रफारासारखा र काढायला पूर्वी र, हलंत आणि त्यामागे झेडडब्ल्यूजे हे अदृश्य जोडचिन्ह टाकायचे. आजही असा मजकूर ढिगाने पडलाय. या चिन्हासाठी माझ्या कोडात वेगळी फांदी होती. तिच्यात पुढचं व्यंजन घेतलं होतं, पण त्या व्यंजनामागची मात्रा घ्यायची राहिली होती. त्यामुळे मोठ्या अक्षरात 'र्‍ह' आला आणि काना एकटाच उरला. मात्रेला बसायला व्यंजन नसलं की शेपिंग करणारी, म्हणजे अक्षरांचे आकार जुळवणारी, लायब्ररी तिथे ठिपक्यांचं वर्तुळ काढते. त्या चित्रात अगदी स्पष्ट होतं ते: ठिपक्यांचं वर्तुळ, त्याच्या शेजारी काना, मग 'स'. तिन्ही प्लॅटफॉर्मवर तेच, आणि ते चित्र माझ्या हाताने 'असंच दिसायला हवं' म्हणून नोंदलेलं.

सुमारे वर्षाने दुसऱ्या देशातल्या एका स्वयंसेवकाला ही चूक सापडली. त्याने चार ओळींची नेमकी दुरुस्ती पाठवली. माझी टेस्ट लाल झाली, आणि 'अस्तित्वात असलेली टेस्ट मोडते' म्हणून त्याची दुरुस्ती परत गेली. देवनागरी वाचता येणारं त्या रिव्ह्यूत कुणी नव्हतं, चित्र पाहून कुणाला काही खटकलं नाही. त्याने दोनदा समजावलं आणि मग नाद सोडला. मला हे सात महिन्यांनी कळलं, तेही दुसराच बग शोधताना. मी दुरुस्ती आत घातली, त्याचं नाव लेखक म्हणून लावलं, त्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. माझ्या पॅचच्या लटकलेल्या महिन्यांपेक्षा हे मला जास्त लागलं. तो माणूस बरोबर होता आणि मी नोंदवलेल्या चित्राने त्याला बाहेर काढलं.

म्हणून तुमच्या अकरा लाल टेस्ट आधी एकेक उघडून बघा. विंडोजवर बहुतेक वेगळा फॉन्ट आलाय, हा माझा अंदाज. पण अंदाजावर चित्र बदलू नका.

आता डिझाइन डॉकचं. तुमचा पॅच एका प्रश्नावर उभा आहे आणि तो प्रश्न तुम्ही पोस्टमध्ये कुठेच मांडलेला नाही. 'वाङ्मय' घ्या. कितीतरी फॉन्टमध्ये 'ङ्म'चं जोडाक्षर नाही, ङ खाली हलंत दाखवून म वेगळा येतो. तिथे लेटर-स्पेसिंगची फट ङ आणि म यांच्या मध्ये पडावी की नाही? म्हणजे एकक दिसण्यावरून ठरवायचं की लिहिण्यावरून? माझं ठाम मत, लिहिण्यावरून. नाहीतर फॉन्ट बदलला की शब्दाची अक्षरसंख्या बदलते. पण हे माझं मत झालं, समोरच्याने दुसरी बाजू मांडली तर ती ऐकण्यासारखीही असेल. सीएसएस या वेबपानांच्या मांडणीच्या भाषेचा स्पेक (नियमावली) अशा एककाला 'टायपोग्राफिक कॅरेक्टर युनिट' म्हणतो, त्याचा पाया युनिकोडच्या ग्राफीम क्लस्टरवर, म्हणजे एक अक्षर म्हणून धरायच्या चिन्हांच्या गटावर, ठेवतो आणि भाषेनुसार बदल करायला इंजिनला मोकळीकही देतो. भांडण नेमकं या मोकळिकीत आहे.

माझ्या वेळेपेक्षा तुमचं काम एका बाबतीत सोपं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिकोड १५.१ आलं आणि त्यात देवनागरी, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू, मल्याळम या लिप्यांची जोडाक्षरं एकाच क्लस्टरमध्ये धरण्याचा नियम आला. त्याआधी हलंतानंतर क्लस्टर तुटायचा. नव्या नियमात झेडडब्ल्यूजे मध्ये आलं तरी जोडणी टिकते, आणि झेडडब्ल्यूएनजे म्हणजे तोडचिन्ह टाकलं तर तुटते. लिहिणाऱ्याने मुद्दाम तोडलंय, तेव्हा तुटायलाच हवं. तेव्हा आधी तुमचं इंजिन कुठल्या युनिकोड आवृत्तीचा डेटा वापरतं ते तपासा. जुना असेल तर तो नवा केल्यावर अर्धा पॅच लिहायचीच गरज नसेल, आणि तुमचा हाताने लिहिलेला नियम पुढे त्या डेटाशी भांडेल. माझा भांडला.

टेस्ट अशी लिहा की तिला चित्र लागणारच नाही. 'कमल' हा शब्द घ्या, तीन सुटी अक्षरं. लेटर-स्पेसिंग शून्य ठेवून रुंदी मोजा, मग वीस पिक्सेल देऊन मोजा, वाढ किती ते लिहून ठेवा. आता 'वाङ्मय'चं तेच करा. वा, ङ्म, य ही तीन एककं असतील तर वाढ 'कमल'इतकीच यायला हवी. ङ आणि म वेगळे धरले गेले तर वीस पिक्सेल जास्त येईल. फॉन्ट कुठलाही असो, प्लॅटफॉर्म कुठलाही असो, शेवटच्या अक्षरानंतरची फट इंजिन कशीही हाताळो, दोन वाढींची तुलना टिकते. असाच 'र्‍हास' झेडडब्ल्यूजे घालून, तोच शब्द ऱ वापरून, आणि एखादा शब्द तोडचिन्हासह. 'स्थिती' ठेवाच, पहिली वेलांटी व्यंजनाआधी रंगते तिथे हमखास घोळ होतो. ही पाच-सहा उदाहरणं आणि त्यामागचं कारण लिहिलंत की ती पानभर मजकुराची गोष्ट झाली, आणि माझ्या लेखी हीच तुमची डिझाइन डॉक. वेगळी बारा पानी लिहू नका, कुणी वाचत नाही.

ही टेस्ट खासगी फोल्डरात नको, वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्सच्या सामाईक भांडारात जाऊ द्या. क्रोमियम (क्रोमचा पाया) आणि गेको (फायरफॉक्सचं इंजिन) दोन्हीकडे त्या भांडाराशी दुतर्फा देवाणघेवाण चालते, वेबकिट आणि सर्व्हो ही इंजिनंही त्याच टेस्ट वापरतात. तुमची टेस्ट तिथे गेली की ती 'माझ्या इंजिनला असं वाटतं' एवढ्यावर राहत नाही, बाकीच्या इंजिनांची माणसंही ती बघतात. स्पेकमध्ये मुद्दा अजून ठरला नसेल तर फाइलच्या नावात टेंटेटिव्ह (तात्पुरतं) हा शब्द घाला, त्यासाठीच ती सोय आहे. त्याच वेळी सीएसएस कार्यगटाच्या गिटहबवर 'वाङ्मय'चा प्रश्न इश्यू म्हणून टाका, टेस्टचा दुवा त्यात द्या. चर्चेत ठराव झाला की तो त्याच इश्यूत नोंदला जातो, त्यामुळे बैठकीला रात्री जागून हजर राहायची गरज नाही. मग ती एकच लिंक दोन्ही रिव्ह्यूअरना एकाच कॉमेंटमध्ये पाठवा. एकाच कॉमेंटमध्ये, हे महत्त्वाचं. वेगवेगळं विचारलंत की पुन्हा टोलवाटोलवी सुरू.

क्रोमियमसारख्या प्रकल्पात नवं वैशिष्ट्य बाहेर काढताना तीन एपीआय ओनरांची, म्हणजे अशी मंजुरी देणाऱ्यांची, संमती लागते, आणि तेव्हा बाकी इंजिनांचं मत काय, सामाईक टेस्ट आहेत का, हे विचारतातच. तुमचा पॅच बगदुरुस्ती म्हणून जाईल, एवढं लागणार नाही असं वाटतं. पण ती उत्तरं तयार असलेल्या माणसाकडे रिव्ह्यूअर वेगळ्या नजरेने बघतो, हा माझा अनुभव.

चित्राची टेस्ट लागलीच, तर संदर्भपान, म्हणजे ज्याच्याशी तुलना होते ते पान, वेगळ्या आणि साध्या वाटेने तेच चित्र काढणारं हवं. एकेक अक्षर इनलाइन-ब्लॉकमध्ये ठेवून उजवीकडे पॅडिंग द्या. जोडीला एक 'न जुळणारं' संदर्भपानही ठेवा, जिथे ङ आणि म मुद्दाम वेगळे केलेत. फॉन्ट टेस्टसोबतच ठेवा, परवाना बघून. मशीनवरच्या फॉन्टवर भरवसा नको. अहेम हा टेस्टचा चौकोनी फॉन्ट इथे निरुपयोगी, जोडाक्षरं त्यात कुठली असणार? सगळं ८०० बाय ६०० च्या आत बसवा, चित्र तेवढ्याच खिडकीचं घेतलं जातं. आणि दोन्ही पानांवर भाषा मराठी अशीच नोंदवा. चांगल्या फॉन्टमध्ये मराठीचे ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे येतात, ते या नोंदीवरच ठरतं. एका पानावर नोंद राहिली म्हणून माझे दोन दिवस गेले होते; 'कमल'मधला ल जुळत नव्हता आणि मी शेपिंगच्या कोडात शोधत बसलो होतो.

शिरोरेषा तुटते त्याबद्दलही तुम्ही लिहिलंय. प्रश्न खरा आहे, पण तो या पॅचमध्ये ओढू नका. वेगळा इश्यू करा, नाहीतर आणखी सहा आठवडे.

'लेटर-स्पेसिंग असताना लिगेचर (अक्षरं जोडून होणारे एकत्र आकार) बंद करायला स्पेक सांगतो' असं तुमच्या रिव्ह्यूत कुणीतरी म्हटलंय, त्याला उत्तर द्या: ते ऐच्छिक लिगेचरबद्दल आहे. 'ङ्म' किंवा 'स्त्री' ऐच्छिक नाहीत.

'वाङ्मय'ची रुंदीची टेस्ट लिहून झाली की इथेच टाका. माझ्याकडे मॅक आणि लिनक्सवर तीन इंजिनांची बिल्ड आहेत, शनिवारी चालवून आकडे देतो. विंडोज माझ्याकडे नाही, ते कुणीतरी बघा.