चार जुलैची अंगणातली मेजवानी

प्रश्न : अमेरिकेत चार जुलैला, म्हणजे इथल्या स्वातंत्र्यदिनाला, वीसेक पाहुणे येणार आहेत. ग्रिलवर चिकन बाहेरून करपतं, आत कच्चं राहतं. शिवाय दह्याची कोशिंबीर उन्हात किती वेळ चालेल?

उत्तर : कोळसे सगळीकडे पसरल्यामुळे चिकन करपतं. ते एकाच बाजूला रचा आणि त्यांच्यावर राखाडी थर चढला की चिकन रिकाम्या बाजूला ठेवून झाकण लावा. हाडासकटच्या मांड्यांना तीस-चाळीस मिनिटं लागतात. रंग यावा म्हणून शेवटी दोन-तीन मिनिटंच कोळशांवर धरा. मसाल्याचं जास्तीचं दही आधी निपटून काढा, नाहीतर ते जाळीला चिकटून जळतं. गोड सॉस अगदी शेवटी लावा, कारण साखर फार लवकर करपते. नुसत्या रंगावर मुळीच विसंबू नका. थर्मामीटरची सुई सर्वांत जाड भागात, हाडाला न लावता खुपसा. १६५ अंश फॅरेनहाइट दिसलं की शिजलं. कच्च्या चिकनचं ताट आणि चिमटा पुन्हा वापरू नका.

कोशिंबीर दोन तास चालते. पारा ९० अंशांच्या वर असेल तर एकच तास. लहान वाडगे भरा, एक बर्फावर मांडा, बाकीचे कूलरमध्ये. संपत आलेल्या वाडग्यात नवी कोशिंबीर ओतू नका, वाडगाच बदला. सरबतं आणि पेयांना वेगळा कूलर हवाच. मुलं तो सारखा उघडतात आणि त्यातला बर्फ लवकर वितळतो.

फुलबाज्यांसाठी पाण्याची बादली जवळ ठेवा. मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र फुलबाज्यांनाही बंदी आहे.