फुटबॉल मॅचमध्ये हाफटाइमला टीम ०-२ ने मागे असेल तर कोचने पोरांना काय बोलावं?

ओरडू नका, आधी दोन-तीन मिनिटं पाणी पिऊ द्या, दम खाऊ द्या आणि मग असे एक-दोनच बदल सांगा जे पोट्टे लगेच करू शकतील. नागपुरात शाळेच्या टीमला कोचिंग करतो त्यावरून सांगतो, ब्रेक असतो जास्तीत जास्त १५ मिनिटांचा, त्यात आपल्याकडच्या उन्हात धापा टाकणाऱ्या पोराच्या डोक्यात लंबं भाषण शिरतच नाही. "जीव तोडून खेळा" म्हणून काही होत नाही, तो आधीच जीव तोडून खेळून राहिला असतो. "त्यांचा लेफ्ट बॅक दमला, बॉल त्याच साइडला टाका" हे मात्र त्याला बरोबर कळतं, आणि काय करायचं ते कळलं की हिंमत आपोआप येते. २००५ ची इस्तंबूलची चॅम्पियन्स लीग फायनल बघा, लिव्हरपूल हाफटाइमला मिलानविरुद्ध ०-३ ने मागे, त्यांचा कोच बेनिटेझने डिफेंडर फिननला काढून हामानला मिडफिल्डमध्ये आणलं, मागे डिफेन्सला तिघंच ठेवले, आणि ५४ ते ६० मिनिटांच्या दरम्यान तीन गोल झाले, पुढे पेनल्टीवर कपच जिंकला! मॅच चालू असताना बाहेरून नाव घेऊन शाबासकी द्या, चुकीसाठी नाव घेऊन बोंबलू नका. फक्त एखादा मुद्दाम आळस करत असेल तर त्याला कडक बोलावंच लागतं, पण बाजूला नेऊन, सगळ्यांसमोर नाही.