बोन स्कॅनला टोचतात ते टेक्नेशियम कुठून येतं? अंगात राहतं का?

बाबांना बोन स्कॅन सांगितलाय, त्यात निसर्गात नसलेलं किरणोत्सर्गी मूलद्रव्य शिरेत सोडतात म्हणे, ते कुठून आणतात आणि अंगात किती दिवस राहतं, असं तुम्ही विचारलंय. मी बेळगावात न्यूक्लिअर मेडिसिनला टेक्निशियन आहे. खानापूर, निपाणी, चंदगडकडचे पेशंट नेहमी हेच विचारतात. संमतीचा फॉर्म कन्नड नि इंग्रजीत असतो, त्यामुळं मराठीत समजावून सांगायचं काम माझ्याकडं येतं.

आधी तुमची धास्ती. टोचतात तो टेक्नेशियमचा प्रकार, टेक्नेशियम-९९एम, दर सहा तासांनी निम्मा होतो. म्हणजे चोवीस तासांनी सोळावा हिस्सा उरणार, आणि बरंचसं त्याआधीच लघवीवाटे निघून जातं. किरण सोडून झाल्यावर त्याचंच मागं जे टेक्नेशियम-९९ उरतं ते लाखो वर्षं टिकतं हे खरं, पण टोचलेला मालच मुळात ग्रॅमच्या काही अब्जांश भागाएवढा असतो, त्यामुळं त्याचा किरणोत्सर्ग नगण्य.

आवर्तसारणीत ४२ ला मॉलिब्डेनम, ४४ ला रुथेनियम. मधलं ४३ चं, म्हणजे टेक्नेशियमचं, घर बरीच वर्षं रिकामं होतं. तिथं काहीतरी असणार हे मेंडेलीव्हनी सांगून ठेवलेलं. १९२५ साली जर्मनीत सापडल्याचा दावाही झाला, पण तो मान्य झाला नाही. टेक्नेशियमचा एकही समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे कमीजास्त वजनाचे प्रकार) स्थिर नाही. सगळ्यात चिवट जो आहे त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, ४२ लाख वर्षांच्या आसपास, आणि पृथ्वीचं वय साडेचारशे कोटी. सुरुवातीला असेल तेवढं कधीच संपलं. (‘निसर्गात नाहीच’ असंही नाही. युरेनियमच्या खनिजात अगदी लेशमात्र मिळतं, आणि १९५२ साली काही तांबड्या ताऱ्यांच्या प्रकाशातही ते ओळखलं गेलं.)

त्याच्या शोधाची हकीकत मला फार आवडते. एमिलियो सेग्रे इटलीत पालेर्मोला प्राध्यापक होते. अमेरिकेत बर्कलीला जाऊन त्यांनी तिथले शास्त्रज्ञ लॉरेन्स यांचा सायक्लोट्रॉन (अणूचे कण वेगानं फिरवून आदळवणारं यंत्र) पाहिला होता. १९३७ साली लॉरेन्सनी त्या यंत्रातली मॉलिब्डेनमची एक पट्टी त्यांना पाठवली. कणांचा मारा खाऊन ती किरणोत्सर्गी झालेली. सेग्रे आणि खनिजशास्त्राचे प्राध्यापक कार्लो पेरिये यांनी तिच्यातून ४३ वेगळं काढलं. माणसानं घडवलेलं हे पहिलं मूलद्रव्य. पुढच्याच वर्षी सेग्रे आणि ग्लेन सीबॉर्ग यांना बर्कलीत हे ९९एम सापडलं.

आता सहा तासांत निम्मं होणारी वस्तू बाहेरगावाहून आणून ठेवणार कशी? म्हणून आणायची तिची आई, मॉलिब्डेनम-९९, जिच्यातून टेक्नेशियम-९९एम आपोआप तयार होत राहतं. ती निम्मी व्हायला ६६ तास घेते. ती ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडच्या) भुकटीनं भरलेल्या नळीत धरून ठेवलेली असते, भोवती जाड शिसं. यालाच जनरेटर म्हणतात. सकाळी एका सुईवर सलाईनची बाटली लावायची, दुसरीवर शिशाच्या आवरणातली निर्वात बाटली. सलाईन नळीतून ओढलं जातं आणि येताना फक्त टेक्नेशियम घेऊन येतं, मॉलिब्डेनम मागंच राहतं. दिसायला अगदी पाण्यासारखं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तयार. गाईची धार काढावी तसं आठवडाभर चालतं. प्रत्येक वेळी मॉलिब्डेनम झिरपलं नाही ना हे तपासतो, मग हाडांकडं जाणारं एमडीपी औषध त्यात मिसळतो आणि मात्रा मोजून भरतो.

किरणांचं म्हणाल तर बोन स्कॅनला साधारण ४ मिलिसीव्हर्ट (अंगाला बसणाऱ्या किरणांचं माप) पडतात. माती, हवा, आकाश यांतून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतातच. कॅन्सर हाडांत उतरलाय का हे कळण्यासाठी एवढं सोसणं मला पूर्ण पटतं.

बाबांना दिलेल्या वेळेलाच घेऊन या, मात्रा त्या वेळेचा हिशोब धरून भरलेली असते. टोचल्यावर दोन-तीन तास थांबावं लागतं, तेवढ्यात त्यांना भरपूर पाणी पाजा. त्या दिवशी गरोदर बाई आणि तान्ही मुलं त्यांच्या जवळ नकोत. आणि टेबलावर झोपण्याआधी लघवीला जाऊन येऊ द्या. मूत्राशय भरलेलं असलं की कटीची हाडं झाकली जातात आणि फोटो पुन्हा काढावे लागतात.