मागचा डिफरन्शियल बदलताना: मियाटा आणि जिप्सीवाल्यांचे प्रश्न

माझ्याकडे १९९१ची माझ्दा मियाटा आहे, १.६ लिटरची. टर्बो बसवायचा विचार आहे. १.८ मियाटाचा डिफरन्शियल (डिफ, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा संच) थेट बसतो का? (न्यू जर्सी)

बसतो, पण एकटा नाही. १९९४च्या मॉडेलला माझ्दाने १.८चं इंजिन दिलं, तेव्हाच मागचं क्राऊन व्हील (डिफमधलं मोठं दातेरी चक्र) सहा इंचांवरून सात इंचांवर नेलं. टर्बो लावलेल्या १.६ गाड्यांत सगळ्यात आधी हार मानतो तो हाच सहा इंची डिफ, त्यामुळे तुमचा विचार योग्य दिशेने चाललाय. मात्र तीन वस्तू एकाच गाडीच्या उचला: हाऊसिंगसकट अख्खा डिफ, दोन्ही हाफ शाफ्ट (डिफपासून चाकांपर्यंतचे दांडे) आणि प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून डिफपर्यंतचा दांडा). पिनियनची (क्राऊन व्हीलला फिरवणाऱ्या छोट्या चक्राची) फ्लँज, म्हणजे शाफ्ट जोडायची चकती, वेगळी असल्यामुळे तुमचा जुना प्रोपेलर शाफ्ट नव्या डिफला लागणार नाही. हाफ शाफ्टची बाहेरची टोकं तुमच्या हबमध्ये नीट जातात. गिअरबॉक्स आणि डिफ यांना जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची लांब फ्रेम, म्हणजे पीपीएफ, तीच चालते. तुमच्या गाडीला एबीएस असेल तर दातेरी रिंग असलेलेच हाफ शाफ्ट घ्या.

काही जण १.८च्या डिफमधून फक्त आतला टॉरसेन (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारी गिअरची यंत्रणा) काढून १.६च्या हाऊसिंगमध्ये घालायला बघतात. ते जमत नाही. आणि इंजिन कंपनीचंच ठेवणार असाल, तर निव्वळ मजबुतीसाठी हा खर्च करू नका. ११६ अश्वशक्तीला जुना डिफ पुरून उरतो.

विकणारा म्हणतो, डिफ ४.१चा (चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे ४.१ फेरे) आणि टॉरसेन आहे. विश्वास ठेवू का? (लेस्टर)

ठेवू नका, स्वतः मोजा. आधी गाडीचं इंजिन विचारा. तुमच्याकडे यूकेत दुसऱ्या पिढीतही १.६ विकली गेली आणि तिला लहानच डिफ होता, त्यामुळे नुसतं साल बघून काही कळत नाही.

टॉरसेन ओळखायला हाफ शाफ्ट निघालेल्या भोकातून टॉर्च मारा. मधे आडवी पिन दिसली तर साधा डिफ. आरपार पलीकडचा उजेड दिसला तर टॉरसेन असण्याची शक्यता दाट. डिफ अजून गाडीखालीच असेल, तर दोन्ही मागची चाकं स्टँडवर उचला, गिअर न्यूट्रलला टाका आणि एक चाक हाताने फिरवा. साध्या डिफमध्ये दुसरं चाक उलटं फिरतं, टॉरसेनमध्ये त्याच दिशेने.

रेशोसाठी फ्लँजवर खडूची खूण करा. साधा डिफ असेल तर एक चाक घट्ट धरून दुसरं बरोबर दोन वेळा फिरवा आणि फ्लँजचे फेरे मोजा. टॉरसेन असेल तर दोन्ही चाकं बरोबरीने एकेक फेरा फिरवा. चार फेरे आणि वर जेमतेम दहावा हिस्सा आला तर ४.१. चारच्या थोडं अलीकडे थांबला तर तो सहा गिअरवाल्या गाडीचा ३.९. ४.१ आणि ४.३ मध्ये फरक थोडाच असतो. शंका राहिली तर दहापट फेरे मोजा, ४१ की ४३ ते लगेच कळेल.

४.३ काढून ४.१ बसवला. स्पीडोमीटर बिघडला का? (ऑकलंड)

बिघडला नाही, कमी दाखवतोय. स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालतो, त्याला मागच्या बदलाचा पत्ता नसतो. खरा वेग १०० असताना काटा ९५च्या आसपास राहील. गिअरबॉक्सवर स्पीडोमीटरचा छोटा प्लास्टिकचा गिअर असतो, तो योग्य दातांचा घाला. तोपर्यंत जीपीएसवर भरवसा ठेवा, नाहीतर दंडाची पावती घरी येईल.

डिफ बदलल्यापासून गाडी थरथरते. प्रोपेलर शाफ्ट बॅलन्सही करून घेतला. (सॅन होजे)

पीपीएफ तपासा. बोल्ट आवळताना गिअरबॉक्स नुसता लोंबकळत ठेवला, तर फ्रेमचं पुढचं टोक खाली राहतं, प्रोपेलर शाफ्टचा कोन चुकतो आणि युनिव्हर्सल जॉइंट थरथर निर्माण करतात. वर्कशॉप मॅन्युअलमध्ये फ्रेमच्या उंचीचं माप दिलेलं आहे. फ्रेमचे बोल्ट सैल करा, गिअरबॉक्सखाली जॅक लावून त्या मापापर्यंत उचला आणि मगच बोल्ट आवळा. बॅलन्सिंगवर पैसे घालण्याआधी हेच करायला हवं होतं.

माझी जिप्सी आहे. फक्त मागच्या अ‍ॅक्सलला दुसऱ्या मॉडेलचं क्राऊन-पिनियन टाकलं तर चालेल का? (नाशिक)

रेशो तोच असेल तर चालेल. वेगळा असेल तर अजिबात नको. फोर-व्हील टाकल्यावर पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. रेशो वेगळे असले की पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरायला बघतात. चिखलात चाकं घसरून ताण सुटतो, डांबरावर तो थेट ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या शाफ्टला वाटणारी पेटी) आणि जॉइंटवर येतो. बदलायचं तर दोन्ही अ‍ॅक्सलचं एकदम बदला. शिवाय क्राऊन-पिनियन ही जोडी असते. एकाचं क्राऊन आणि दुसऱ्याचं पिनियन कधीच लावू नका. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजवर मोजून देणारा मिस्त्री मिळेपर्यंत काम थांबवा.

मियाटाच्या नव्या डिफमध्ये तेल कोणतं? टॉरसेनला वेगळी पुडी घालायची का? (एडिसन)

जीएल-५ दर्जाचं ७५डब्ल्यू-९०, सात इंचीला सुमारे एक लिटर. क्लचच्या प्लेटवाल्या एलएसडीला (चाक घसरणं मर्यादित ठेवणाऱ्या डिफला) फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे तुम्ही म्हणता ती पुडी, लागतो. टॉरसेनमध्ये क्लच नसतातच, त्यामुळे लागत नाही. जुनं तेल काढण्याआधी वरचा, तेल भरायचा बोल्ट सुटतोय याची खात्री करा. तो गंजून अडकला असेल आणि खालून तेल निघून गेलं असेल, तर गाडी जागेवरच राहील.